मधल्या भिंतीची ओल

परवा माझ्या मुलाने मागची खोली एका विणकराला द्यायचे नाकारले. माणूस चांगला होता, ओळखीतून आलेला होता. तो गेल्यावर मुलगा सुनेला म्हणाला, "आपल्याकडे मागवाल्याला जागा देत नाहीत. आजोबांच्या वेळी एका विणकराने पाणी मारून मारून भिंत खाल्ली होती." मी तिथेच आरामखुर्चीत बसलो होतो. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय का हो मामंजी?" मी मान हलवली. होय अशी हलवली.

ही गोष्ट मुलाने माझ्या वडिलांकडून ऐकलेली नाही, माझ्याकडूनच ऐकलेली आहे. ती खोटी आहे. भिंतीला ओल कशाने आली, ती कोणी काढली आणि विणकर का गेला, हे मी आता होते तसे लिहून ठेवतो.

सोलापुरातले आमचे जुने घर धाब्याचे होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर तरवडाच्या काटक्या, त्यावर माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या खाऱ्या मातीचा थर. या छताला आम्ही माळवद म्हणतो. पांढऱ्या मातीतून पाणी जात नाही. मात्र दर साली पावसाआधी ती नवी टाकून चोपावी लागते आणि पाण्याचा उतार पन्हाळीकडे राहील हे बघावे लागते. वडील जकात नाक्यावर कारकून होते, पण माळवदाच्या बाबतीत त्यांचा गवंड्यावरही विश्वास नसे. स्वतः वर जाऊन उकिडवे बसून, तळहात मातीवर ठेवून उतार बघत.

घराच्या तीन खोल्या. दोन आमच्या, तिसरी त्या विणकराकडे भाड्याने. तो आणि त्याची बायको तेलुगू बोलणारी माणसे, माझ्या लहानपणापासून तिथे राहत होती. मी त्यांना मामा आणि अक्का म्हणे. मामांचा माग खड्ड्याचा होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. असा माग उचलून दुसरीकडे नेता येतो, खड्डा नेता येत नाही. मामांचा खड्डा त्यांच्या आणि आमच्या खोलीमधल्या भिंतीला लागून होता. आपल्या कोरड्या हवेत सूत कडकडीत होऊन तुटते, म्हणून मामा सकाळ-दुपार खड्ड्यात आणि आजूबाजूला पाणी शिंपडत. ते वर्षानुवर्षे चालले होते आणि भिंतीला काही झाले नव्हते. हे आमच्यापैकी कोणालाच नंतर आठवले नाही, हे विशेष.

माझे लग्न झाले त्या उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर झोपत असे. सोलापूरच्या उन्हाळ्यात खाली झोपणे शक्यच नसते. आई, वडील, दोन धाकट्या बहिणी, पाहुणा आला तर पाहुणा, आणि एका टोकाला आम्ही दोघे. माझी बायको सांगोल्याकडची. डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा हळूच म्हणाली, "लगीन झालंय का धर्मशाळेत उतरलोय, तेच कळंना."

आईला समजले असावे. तिनेच वडिलांना सुचवले की वाऱ्याला आडोसा म्हणून एका बाजूला तट्ट्या लावाव्यात. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव. पण माळवद खणायचं नाही. रॉकेलचे डबे घे, त्यात माती भर आणि बांबू त्यात उभे कर."

मी तसे केले. पहिल्याच वावटळीने चारही डबे आडवे केले आणि तट्ट्या आमच्या अंगावर पडल्या. बहिणी हसून हसून लोळल्या. खालून अंगणातून अक्का ओरडल्या, "काय झालं वैनी? घर पडलं काय की?" बायकोने तट्ट्याखालूनच उत्तर दिले, "घर न्हाई अक्का, दार पडलं!" वडील उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी डब्यांचे तळ कापले. डबे होते तिथेच ठेवले, पण बांबू डब्यातून खाली माळवदात हातभर रोवले. मधोमध रोवले असते तर खाली खोलीत माती पडून कळले असते, म्हणून बरोबर मधल्या भिंतीच्या माथ्यावर रोवले. तिथे खाली भिंत आहे, काही दिसणार नाही, हा माझा हिशेब. वरून बघणाऱ्याला डबे आणि डब्यातले बांबू दिसत. त्यानंतर किती वारा आला तरी तट्टी हलली नाही. वडिलांनी एकदा येऊन बघितले, डबा पायाने हलवून बघायला पाय उचलला आणि संकोचून तसाच खाली ठेवला.

मृगाआधी आडोसा काढला. भोके राहिली. ती बुजवायला पांढरी माती हवी होती आणि ती वडील स्वतः गाडीने मागवत. मागितली असती तर कशाला म्हणून विचारले असते. मी परसातली काळी माती पाण्यात कालवून भोकांत कोंबली आणि वर पांढरी माती भुरभुरवली. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की फाटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होते. चालून जाईल असे वाटले. वडिलांनी नेहमीप्रमाणे नवा थर टाकून घेतला आणि चोपला. वरून सगळे सारखे दिसू लागले.

आपल्याकडे खरा पाऊस भाद्रपदात येतो. मृगाचा शिडकावा झाला, मग बराच काळ ऊन पडले. त्या उन्हात काळ्या मातीचे गोळे आत आक्रसले असणार. पुढे उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागला आणि मधल्या भिंतीवर आमच्या बाजूने, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, ओलीचा डाग उठला. आधी ताटलीएवढा होता, मग सुपाएवढा झाला. तिथेच ज्वारीची कणगी होती. आईने ज्वारी काढली तर खालची ज्वारी हिरवी, दाणे एकमेकांना चिकटलेले. वर्षाचे धान्य होते ते. आई बुरसटलेली मूठ हातात धरून तशीच उभी राहिली, आणि वडिलांनी ते बघितले.

डाग खाली होता. छताजवळ भिंत कोरडी होती. भिंतीच्या पलीकडे पाण्याने शिंपडलेला खड्डा होता. वडिलांनी काय समजावे? ते मामांकडे गेले, मी त्यांच्या मागे.

"तुमचं पाणी आमच्याकडे येतंय," वडील म्हणाले.

"पानी तर रोजचंच हाय मालक. तेवढंच हाय."

"मग भिंत का ओली?"

मामांनी भिंतीला हात लावला. "हिकडं न्हाय ओलं."

"इकडे कसं असेल? तुम्ही ढकललंत की तिकडे!"

अक्का दारातून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मामांनी त्यांना गप्प केले आणि वडिलांना म्हणाले, "पानी बंद करतो. बघा तुमी."

मामांनी पाणी बंद केले. सूत तुटू लागले. एरवी एका लयीत चालणारा माग थांबत थांबत चालायचा. थांबला की समजायचे, मामा धागा सांधतायत. आणि योगायोग असा की त्याच दिवसांत पाऊस उघडला. डाग वाळत आला. कडेने पांढरा खारट लोणा धरला. वडील बोटाने लोणा खरवडून आईला दाखवत म्हणाले, "बघ. पाणी थांबलं, भिंत सुकली." मग मामांनी विचारून विचारून थोडे पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात हस्ताचा पाऊस कोसळला. डाग पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा. आता याहून मोठा पुरावा तो काय? वडील पलीकडे गेले ते तडक गेले, आणि इतकी वर्षे मामांना 'तुम्ही' म्हणत आलेले वडील त्या दिवशी म्हणाले, "तू माझी भिंत पाडणार आहेस. जागा खाली कर."

मामांनी एवढेच म्हटले, "ताना चढवलाय मालक. अर्धा बी झाला न्हाय. तेवढा उतरू द्या."

मागावर चढवलेला ताणा, म्हणजे उभे सूत, मध्येच कापणे विणकराला फार लागते. सूत दुसऱ्याचे, काम अर्धे, आणि ते अशुभही मानतात. वडिलांनी तेवढी मुदत दिली. ताणा संपला की जायचे.

मला संशय आला तो त्याच पावसात. मामांनी भीतीने पाणी पुन्हा बंद केले होते आणि डाग तरीही वाढत होता. घरात हे कोणी बघत नव्हते, कारण निकाल लागला होता. मी बघत होतो, कारण भोके मी पाडली होती. आई-वडील बाहेर गेलेले असताना मी डागाच्या वर, कोनाड्याच्या मागचा एक सैल दगड ओढून काढला आणि आत हात घातला. आमच्याकडच्या अशा भिंतीला दोन बाजूंनी घडीव दगड असतात आणि पोटात माती आणि दगडाच्या चिपा भरलेल्या असतात. आतली माती लोण्यासारखी मऊ झाली होती. वरून थेंब माझ्या मनगटावर पडत होते. पाणी माथ्यावरून शिरून भिंतीच्या पोटातून उतरत होते, खाली कुठे आडवा दगड लागला की तिथून आमच्या बाजूला फुटत होते. म्हणून वर भिंत कोरडी आणि खाली ओली.

तसाच वर गेलो. पाऊस थांबला होता. पांढऱ्या मातीचा वरचा पापुद्रा चार ठिकाणी खचला होता. कडूनिंबाची एक काडी घेऊन त्यातल्या एका खळग्यात घातली. काडी सगळी आत गेली. शिवाय डबे जिथे ठेवले होते तिथे त्यांच्या कडेने मातीचा उंचवटा राहून गेला होता, त्याने उतारावरचे पाणी अडून नेमके त्या भोकांपाशी साचत होते.

खाली आलो तर बायको जिन्याच्या तोंडाशी उभी. माझा हात चिखलाने भरलेला.

"आपलंच हाय न्हवं?" ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"मामंजींना सांगा की मग."

"काय सांगू? कशासाठी खणलं म्हणून सांगू?"

ती लाजली नाही, उलट चिडली. "सगळ्या घराला ठाव हाय कशासाठी. तुमच्या आईनंच तट्ट्या आणायला लावल्या. लाजायचं काय त्यात? अक्कांचा माग जाईल."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हटलं ना."

इथे एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे. पुढे आयुष्यभर मी मनाशी असे म्हणत आलो की बायकोची अब्रू राखायला मी गप्प बसलो. नव्या सुनेसाठी माळवद खणले असे लोक म्हणाले असते, तिला सासरी ऐकून घ्यावे लागले असते. यातले काही खरे नाही. तिने मला सांगायला सांगितले होते, एकदा नव्हे, रोज. पलीकडे माग वाजत होता तोवर ती रोज भाकरी थापताना त्या आवाजाकडे कान देऊन माझ्याकडे बघे. एकदा म्हणाली, "अजून ताणा हाय." बस, एवढेच. मला भीती वडिलांच्या रागाचीही नव्हती. रॉकेलच्या डब्यांचे तळ मी कापले होते. वडिलांनी पाय उचलून मागे घेतला होता, माझी लाज राखायला, आणि तळाशी मी केलेली फसवणूक होती. ती त्यांना समजावी हे मला सोसणार नव्हते. मिलच्या कचेरीत नुकताच लागलो होतो, घरात चार शब्द विचारले जाऊ लागले होते. त्या मानासाठी मी मामांचा माग जाऊ दिला.

ताणा उतरला. शेवटचे लुगडे झाले त्या दिवशी अक्का माझ्या बायकोला भेटायला आल्या आणि तिला कुंकू लावून गेल्या. दोघी रडल्या. मामांनी मागाची लाकडे सोडवून गाडीत रचली. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या धाकले मालक, कापडं खराब होतील." मग वडिलांपुढे येऊन दोन्ही हात जोडून उभे राहिले. "चुकलं असंल तर पोटात घाला." वडिलांचा राग तोवर उतरला होता. त्यांनी मान फिरवली. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

खड्डा भरायला वडिलांनी पांढऱ्या मातीची गाडी मागवली आणि काम मला दिले. मी खड्डा भरला आणि उरलेल्या मातीच्या पाट्या वर नेल्या. आधी भोकांतली काळी माती मुळापासून उकरून काढली. भिंतीचा माथा उघडा करून काही दिवस उन्हात ठेवला. मग माती आणि भुसा मळून, कुजवून, थर घालून धुमसाने ठोकली, वर पांढरी माती दिली, तो उंचवटा छिलून उतार पन्हाळीकडे सलग केला. खाली भिंतीचा फुगलेला गिलावा दगडापर्यंत खरवडून काढला आणि हिवाळाभर भिंत तशीच उघडी ठेवली, पोटातली ओल बाहेर पडावी म्हणून. संक्रांत झाल्यावर चुन्याचा गिलावा केला. पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर एक ठिपकाही उठला नाही.

काम चांगले झाले होते. वडील वर येऊन तळहात टेकवून उतार बघून गेले आणि खाली आईला म्हणाले, "पोरगा शहाणा झाला. न सांगता माळवद नीट केलंन." भिंत सुकली हे मात्र त्यांनी आल्यागेल्याला वेगळेच सांगितले. "माग काढला आणि बघा, खडखडीत." मी ते ऐकत गेलो, आणि नंतर मीही तसेच सांगू लागलो. गोष्ट सांगायला चांगली होती. मुलांना तीच मिळाली. बायको ती सांगताना कधी बसत नसे. उठून आत जाई.

इथवर लिहून थांबलो असतो तर वडिलांच्या धाकाने गप्प बसलो असे वाचणाऱ्याला वाटले असते. वडील गेल्यानंतरची एक गोष्ट राहिली आहे.

वडील गेले आणि वर्षभरात मंगळवारच्या बाजारात मला मामा भेटले. खांदे उतरले होते, पण त्यांनीच मला ओळखले. एका कारखानदाराच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या मागावर बसत होते. स्वतःचा माग लावायला खड्ड्याची जागा कोणी देईना. जुना घरमालक काय म्हणाला हे पेठेत सगळ्यांना माहीत झाले होते. वडिलांचे ऐकून हळहळले. मग त्यांनी विचारले, "भित सुकली का हो?"

"सुकली," मी म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी मान डोलवली. "म्हंजे माजंच पानी. मला तवा पटलं न्हवतं बगा. अक्काला म्हनलं, म्हातारा उगीच बोलतोय. मनात लई राग धरला." मग म्हणाले, "आता पानी मारायला हात उचलत न्हाय. मालक बोलतोय, सूत तुटतंय, मामा पानी मार. मारतो, पन थोडंच. कुनाची भित जायला नको."

मला उत्तर द्यायचे होते. बाजार भरलेला होता, कोणी आमच्याकडे बघत नव्हते, वडील नव्हते, अडवायला कोणी म्हणजे कोणी नव्हते. "मामा, पाणी तुमचं नव्हतं," एवढेच म्हणायचे होते. त्यावर त्यांनी विचारले असते, मग कुठलं? मी त्यांना विचारले, "अक्का कशा आहेत?"

"बरी हाय. वैनीची आठवन काढतीय. पाठवा एकदा." त्यांनी पेठ सांगितली, गल्ली सांगितली, दारापुढे लिंबाचे झाड आहे म्हणाले. मी हो हो म्हटले.

घरी आल्यावर बायकोने पिशवी घेतली आणि विचारले, "कोण भेटलं का बाजारात?" तिला पत्ता सांगितला असता तर ती त्याच दिवशी गेली असती, आणि गेली असती तर सगळे सांगून आली असती. ते मला पक्के ठाऊक होते.

"कोणी नाही," मी म्हणालो.

बायको मागच्या वर्षी वारली. मामा आणि अक्का त्याच्या कितीतरी आधी गेले असतील; मी कधी चौकशी केली नाही. मुलाने वाचावे म्हणून लिहितो: त्या भिंतीत मामांच्या पाण्याचा एक थेंब नव्हता. मागची खोली अजून रिकामी आहे. परवा आलेला तो विणकर कुठे उतरला आहे ते मी सकाळी विचारून घेतले आहे, आणि उद्या मी स्वतः त्याच्याकडे जाणार आहे.